दिशाची खाज वडखळला उतरली

पुढची हकिकत कुणालाही खरी वाटणार नाही, आणि त्यात ऐकणाऱ्याचा काही दोष नाही. रोह्याकडे जाताना खांब गावाच्या अलीकडे महिपती नावाचा एक म्हातारा राहतो. तो म्हातारा गेल्या हिवाळ्यात खरं बोलला. चुकून एखादं वाक्य तोंडातून निसटलं असं नव्हे. रोज संध्याकाळी मांडी घालून, नातीच्या डोळ्यांत डोळे घालून, घसा बसेपर्यंत खरं बोलला.

महिपतीला ओळखणारे एवढं ऐकूनच उठून जायला चपला शोधायला लागतील. कारण हा तोच महिपती, ज्याने कुंडलिकेच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून रोह्याला जाऊन चहा पिऊन आल्याचं भर लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं, आणि वर म्हणाला होता, मगरीला बिनसाखरेचा लागतो. ज्याच्या शेतातल्या वालाच्या वेलाने म्हणे हायवेवरचा ट्रक विळखा घालून धरला आणि ड्रायव्हरला तो कोयत्याने सोडवावा लागला, तोही हाच. असा माणूस खरं बोलायला लागतो तेव्हा त्याच्या घरात काहीतरी मोठं अडलेलं असतं.

अडलं होतं ते दिशाचं अंग.

दिशा म्हणजे महिपतीची नात, पहिलीतली. तिला इसब होता. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मनगटाला आणि मानेवर. एरवी तो झोपलेल्या मांजरासारखा पडून असायचा. दिवाळी होऊन वारा कोरडा झाला की मांजर उठायचं आणि नख्या काढायचं. दिशा खाजवायची. जेवताना, अभ्यास करताना, झोपेत, देवाला नमस्कार करतानासुद्धा एका हाताने नमस्कार आणि दुसऱ्या हाताने खाज.

तिचा बाप अक्षय धाटावला कंपनीत शिफ्टला जायचा. त्याने कुठल्याशा मेडिकलमधून आपल्याच मनाने एक ट्यूब आणली होती. लावली की मऊ, थांबवली की दुप्पट. लावली, थांबवली, असं करता करता दिशाची कोपराजवळची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसायला लागली. तेव्हा तिच्या आईने, वैशालीने, ट्यूबवरचं बारीक अक्षर मोबाइलचा उजेड धरून वाचलं आणि ती उचलून बाजूला ठेवली.

"यात स्टेरॉईड हाय. कुणाला न विचारता आणलं, न विचारता चोपडलं. आता बस. पण मग दुसरं काय लावू, ते कुणीतरी सांगा."

महिपतीच्या घरात असा प्रश्न मोकळा सोडणं म्हणजे गुरांच्या गोठ्याचं दार उघडं ठेवण्यासारखंच. त्यातून यंदा म्हाताऱ्याला उत्तर द्यायची घाई होती, आणि त्या घाईला कारणही होतं.

कारण होतं पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आपल्याकडे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी भरतात, मडकं पालथं घालून भोवती जाळ करतात, आणि मग सगळे कोंडाळं करून एकाच ढिगातून खातात. महिपतीच्या शेतावरची पोपटी सगळ्यांना माहीत होती. शेंगांसाठी तर होतीच, त्याहून जास्त महिपतीच्या थापांसाठी. पण आदल्या वर्षीच्या पोपटीत पेणहून आलेला आदर्श, म्हणजे दिशाचा आतेभाऊ, तिचे हात बघून ओरडला होता, "ए, हिच्या हाताला हात लावू नका, लागतं ते!" आणि सगळी पोरं ढिगाच्या दुसऱ्या बाजूला सरकली होती. दिशा बाह्या ओढून आजीच्या पाठीमागे जाऊन बसली ती बसलीच. यंदा दसऱ्यापासूनच ती म्हणत होती, "मी पोपटीला नाय येणार."

महिपतीच्या थापा ऐकून हसणारे पुष्कळ होते. पण त्या ऐकताना भुवया वर नेऊन, श्वास धरून, तोंडात शेंग तशीच ठेवून बसणारी एकच होती. ती नाही आली तर पोपटी लावायची कुणासाठी? म्हाताऱ्याने मनाशी पक्कं केलं की पोरीला कोंडाळ्यात बसवायचीच.

त्यातून झाला भांबुर्ड्याचा घोळ.

"वैशाली," महिपती म्हणाला, "मडक्याला बाहेरून एवढा जाळ लागतो, पण आतली शेंग करपत नाय. का? भांबुर्ड्यामुळं. म्हणजे भांबुर्डा आग खातो. पोरीच्या अंगाची आग व्हते. मग घाल की पाला पाण्यात!"

महिपतीच्या बायकोला, हौसाआजीला, हे पटलं, कारण हौसाआजीला पोपटी आवडत होती. तिने चुलीवर पाणी चांगलं वाफाळेपर्यंत तापवलं, त्यात दोन्ही हातांनी पाला कुस्करला आणि घासणीने नातीला रगडून आंघोळ घातली. घरभर पोपटीचा वास सुटला. शेजारच्या इंदुबाई ताट घेऊन दारात आल्या. आणि दिशा न्हाणीतून बाहेर आली ती शिजलेल्या कोलंबीसारखी लाल होऊन, अंगणात थयथय नाचत.

दुसऱ्या दिवशी वैशाली, दिशा आणि तोंड पाडून बसलेला महिपती एस.टी.ने पेणला गेले. रामवाडीला डॉक्टर वृंदाताईंचा दवाखाना होता. बाई कातडीच्या डॉक्टर, घराणं पेणचंच, बोलणं मिठासारखं स्वच्छ. त्यांनी दिशाचा हात हातात घेतला, जरा वाकून वास घेतला आणि महिपतीकडे बघितलं.

"आजोबा, नातीची पोपटी लावलीत की काय?"

महिपती टोपी काढून तिच्या आत बघायला लागला.

बाईंनी सगळं नीट समजावलं. ट्यूब आपल्या मनाने परत लावायची नाही. पुढे कधी गरज पडलीच तर बघून त्या स्वतः देतील, किती आणि कुठे ते सांगून. पाला नको, राख नको, लिंबाचा रस तर नकोच नको. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. घासणी बंद. अंग टिपायचं, रगडायचं नाही, आणि ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मलम सढळ हाताने लावायचं. लोकरीचं अंगाला लागू द्यायचं नाही, सुती घालायचं. नखं कापायची. संध्याकाळी मलमावर मऊ सुती कापडाच्या ओल्या पट्ट्या, वरून कोरडी पट्टी, आणि तेवढा वेळ पोरीला स्वस्थ बसवायचं.

"अंडी बंद करू का?" वैशालीने विचारलं. "सासूबाईंनी सुकट पण बंद केलीय."

"अंडं खाऊन काही होतं का तिला?"

"नाय."

"मग खाऊ दे की. आणि हे बघ दिशा, हे तुझं कुणाला लागत नाही. कळलं? शेजारी बसलं, हात धरला, एका ताटात जेवलं, तरी नाही लागत."

दिशाने मान डोलावली. महिपती मात्र परतीच्या एस.टी.त खिडकीला टेकून कुरकुरत होता. "कोमट पाणी, मलम न् चिंध्या! एवढ्यासाठी पेणला? ह्यात सांगण्यासारखं काय हाय?"

"सांगायचं नाय, करायचं हाय, बाबा," वैशाली म्हणाली.

करायला बसल्यावर कळलं की सगळ्यात अवघड गोष्ट होती स्वस्थ बसणं. पट्ट्या महिपतीच्या जुन्या बंड्या फाडून केल्या. धुऊन धुऊन त्या सायीसारख्या मऊ झाल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी पट्ट्या बांधून होतात न होतात तोच दिशा किंचाळली, "थंड लागतंय! चावतंय! काढ गो आई!" आणि बोटं पट्टीखाली. वैशालीने हात धरले. दिशा रडली. मग वैशालीलाही रडू आलं. ती नुसती म्हणाली, "मला काय हौस हाय का गो? पण हे नाय जमलं तर परत त्या ट्यूबकडेच जावं लागेल."

महिपतीने स्वयंपाकघरातून एक थाळी आणली आणि एक पळी.

"वैशाली, सोड तिचे हात. दिशा, एका हातात ही थाळी धर, दुसऱ्यात पळी. मी गोष्ट सांगतो. त्यात कुठंतरी एक लोणकढी थाप असणार. ती सापडली की थाळी बडव. खऱ्यावर बडवलीस तर मी जिंकलो."

दिशाने हुंदका अर्ध्यात गिळला. थाळी धरली.

"एकदा मी कोलाडच्या पुलावरनं चाललो व्हतो. समोरनं वाघ आला. वाघ मला म्हणाला, काका, रोह्याची गाडी..."

ठण्ण!

खेळ संपला. पळी खाली, बोटं कोपरात.

"थांब, थांब! दुसरी. एकदा मी चंद्रावर..."

ठण्ण!

महिपती हादरला. पोपटीच्या कोंडाळ्यात जी थाप अर्धा ढीग संपेपर्यंत पुरायची, ती इथे एका घोटात संपत होती. त्याने डोकं खाजवलं, दिशाने कोपर खाजवलं, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की लोणकढी जितकी लांब ठेवू तितका वेळ पोरीचे हात थाळीत अडकून राहतील. म्हणजे थापेच्या आधी खरं बोलावं लागणार. खूप. पोतंभर.

"भात काढला ना," महिपती अडखळत म्हणाला, एखाद्याला परकी भाषा बोलावी लागावी तसा, "की जमीन ओली असतानाच वाल पेरतात."

दिशाचे डोळे बारीक झाले.

"मग त्याला कुणी पाणी घालत नाय."

पळी वर गेली.

"आतल्या ओलीवर न् पहाटेच्या दवावर वाढतो तो. एवढा तरारतो."

"खोटं! पाण्याशिवाय?" ठण्ण!

"हरलीस! खरं हाय! विचार आजीला!"

"व्हय गो, खरं हाय ते," हौसाआजी आतून ओरडली. "आणि म्हातारा खरं बोलला? दिवा लावा रे देवाला!"

दिशा चिडली. आता ती आणखी सावध झाली. थाळी छातीशी, पळी तयार, कान टवकारलेले. महिपती सांगत गेला. रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलिस रांगेत उभं राहून, बंदुका धरून देवाला सलामी देतात. ठण्ण! हरलीस, तेही खरं. मिठागरात समुद्राचं पाणी नुसतं उन्हात ठेवतात आणि खाली मीठ उरतं. पळी वर गेली, थरथरली, खाली आली. पोरगी विचारात पडली, आणि विचारात पडलेली पोरगी खाजवायला विसरली. पट्ट्या सोडायची वेळ झाली तेव्हा तिनेच ओरडून विचारलं, "पण लोणकढी कुठेय?"

"उद्या," महिपती म्हणाला, आणि घाम पुसत बाहेर जाऊन बसला. खरं बोलून एवढं दमायला होतं हे त्याला नवीन होतं.

पुढची पंचाईत अशी झाली की महिपतीजवळचं खरं संपलं. जन्मभर त्याने ते साठवलंच नव्हतं. मग तो खरं गोळा करत फिरायला लागला. खांबच्या नाक्यावर पोपट चहावाल्याच्या टपरीत जाऊन म्हणाला, "पोपट, काहीतरी खरं सांग बरं."

पोपटच्या हातातून गाळणं पडलं. "काका, बरं हाय ना? छातीत बितीत दुखतंय का?"

"सांग रे. ऐकायला खोटं वाटेल, पण असेल खरं, असं कायतरी."

पोपटने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "माझ्या चहात दूध कमी असतं."

"ते अख्ख्या हायवेला ठाऊक हाय! नवीन सांग!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की महिपतीला काहीतरी झालंय. इंदुबाई मीठ-मोहऱ्या घेऊनच घरी आल्या. "हौसा, बाई, म्हाताऱ्याची नजर काढ. माझ्याकडं येऊन विचारीत व्हता, मांजरीची पिल्लं डोळे मिटूनच जन्माला येतात हे खरं ना म्हणून. खातरजमा करत व्हता गो! आपला महिपती!"

पण खेळ चालू राहिला. आंघोळ कोमट, अंग टिपलेलं, मलम जाड, पट्ट्या ओल्या, थाळी हातात. वैशाली एक दिवस चुकली नाही. दिशाला घेऊन माहेरी लग्नाला गेली तेव्हाही मलमाचा डबा आणि फाडलेल्या बंड्या पिशवीत घेऊन गेली आणि फोनवरून महिपतीला बोलायला लावलं. हळूहळू गुडघ्यामागची लाली उतरली. मानेवरचं भुरकट साल गेलं. दिशा झोपेत खाजवेनाशी झाली, तशी वैशालीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही निवळली. आता हे मलमाने झालं की गोष्टींनी, असं महिपतीला विचाराल तर तो छाती पुढे काढेल. वैशालीला विचाराल तर ती डबा पुढे करेल. डबा जास्त खरा, पण डब्यासमोर पोरीला बसवलं कुणी, हेही खरंच.

पेणला परत दाखवायला गेले तेव्हा वृंदाताई खूश झाल्या. म्हणाल्या, "छान. पण गेलं ते गेलं असं समजू नका. हे येतं, जातं. आलं की घाबरायचं नाही, मलम सोडायचं नाही."

सगळं छान झालं, आणि तरी पोपटीच्या दिवशी दिशा म्हणाली, "मी नाय येणार. आदर्श येतोय."

"अगो, डॉक्टरबाईंनी सांगितलं ना, लागत नाय म्हणून?" महिपती म्हणाला.

"मला सांगितलंय. त्याला कुठं सांगितलंय?"

महिपती मडकं उचलून शेताकडे निघाला.

ऊन कलल्यावर शेतात मडकं पालथं पडलं, पेंढा आणि काटक्या पेटल्या. पोरं जाळाभोवती नाचली. हौसाआजीने मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्रर्र करून उडालं, म्हणजे झाली पोपटी. कागदांवर ढीग ओतला. भांबुर्ड्याचा, ओव्याचा, भाजलेल्या वालाचा वास बांधाबांधाने घरापर्यंत गेला आणि दिशाला नाकाला धरून घेऊन आला. आली, पण लांब बाह्यांचा सुती सदरा घालून, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत ओढून. येऊन हौसाआजीच्या पाठीमागे बसली. आजीने मागच्या मागे शेंगा दिल्या, त्या तिने बाहीतूनच धरल्या.

महिपतीने ते पाहिलं. त्याच्या तोंडातला बटाटा जरा वेळ फिरायचा थांबला.

"मामा, सांगा ना काहीतरी!" कुणीतरी म्हणालं. "ऐकलंय तुम्ही खरं बोलायला लागलात. यंदा उपाशी ठेवणार का आम्हाला?"

"खरंच सांगणार," महिपती म्हणाला आणि ऐसपैस बसला. कित्येक दिवस अडवून धरलेलं पाणी बंधाऱ्यावर येऊन थडकलं होतं. "आमच्या दिशाची खाज गेली ती कशी गेली, ते सांगतो. डोळ्यांनी बघितलंय."

आजीच्या पाठीमागे हालचाल झाली.

"नखं कापली, मलम लागलं, वर ओल्या पट्ट्या. खाजेला काम नाय उरलं. बसून बसून कंटाळली. एका सकाळी बघतो तर काय, खाज आपलं बोचकं बांधून अंगणातनं चाललीय!"

"कशी दिसते खाज?" आदर्शने तोंडात अंडं कोंबत विचारलं.

"बारीक, लालबुंद, तुझ्या आईसारखी सारखी घाईत. खांबच्या स्टॉपवर एस.टी.ला हात केला. कंडक्टर म्हणाला, कुठं? खाज म्हणाली, जिथं नखं वाढलेली असतील तिथं. बसली ड्रायव्हरच्या मागं. नागोठणं येईस्तोवर ड्रायव्हर एका हातानं गाडी चालवतोय, दुसऱ्यानं पाठ खाजवतोय. मग गाडीलाच खाज सुटली! रस्त्यातलं झाड दिसलं की गाडी जाऊन अंग घासतेय!"

मोठी माणसं पोट धरून हसायला लागली. आदर्शची आई महिपतीला हातातली शेंग मारून म्हणाली, "बाबा, मी लालबुंद काय?"

"खाज उतरली वडखळला. तिथं फाटा. अलिबागला जावं की पेणला, काय सुधरेना. उभी राहिली मधोमध. झालं! वडखळला गाड्या तुंबतात त्या का, तुम्ही म्हणता रस्त्यामुळं. रस्त्यामुळं नाय! ट्रकची पाठ टेम्पोवर, टेम्पोची पाठ रिक्षावर, एकमेकाला घासत उभे! हलणार कोण?"

"मग?" आदर्श पुढे सरकला.

"मग ती पेणला गेली. रामवाडीला."

"आमच्याकडं?" आदर्शचं अंडं तोंडातच राहिलं.

"तुमच्याच गल्लीत. तुझी खिडकी उघडी व्हती, पण तुझे पाय बघून परत फिरली, म्हणाली इथं धुळीचाच थर जाड हाय. शेजारी गणपतीचा कारखाना. ओल्या मातीत शिरली. ओळीनं उंदीर मांडलेले, ते सगळे मागच्या पायानं कान खाजवायला लागले! कारागीर म्हणाला, राहू द्या, यंदा हीच फॅशन. वरनं रंग मारला. खाज आत अडकली ती अडकली, सुकली, दगड झाली."

हशा जरा ओसरला तेव्हा महिपतीने आवाज उतरवला, हातातली शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला आणि मागे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश म्हणाला:

"आणि तवापासून आमच्या दिशाचं अंग म्हणजे दुधावरची साय. एक खरखरीत ठिपका सापडणार नाय कुठं. खाज म्हणजे काय, हेच पोरगी विसरली."

हौसाआजीचा खांदा धरून दिशा उभी राहिली. वाटेतला शेंगांचा ढीग ओलांडून ती निखाऱ्यांच्या उजेडात आली, थेट आदर्शच्या समोर. डावी बाही तिने एका झटक्यात खांद्यापर्यंत वर ओढली, कोपर त्याच्या नाकापुढे धरलं आणि सगळं शेत ऐकेल एवढ्या जोरात ओरडली:

"खोटं! आजोबा, साफ खोटं! आज सकाळीच खाजत व्हतं, आईनं मलम लावलं तेव्हा थांबलं! हे बघ आदर्श, हे इथं, अजून खरखरीत हाय, हात लावून बघ, लागत नाय कुणाला!"